तहनाम्याचा कारकून

शाळेत असताना इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न हमखास असे : अमुक तहाची कलमे लिहा. पुरंदर, वडगाव, सालबाई, वसई. सगळ्यांची कलमे आम्ही रामरक्षेसारखी पाठ केलेली. कलमागणिक एक गुण. क्रम चुकला तर चाले, संख्या चुकता कामा नये. आणि तह शिकवून झाला की आमचे सर खडू खाली ठेवून दर वर्षी तेच वाक्य ऐकवीत, "आपण लढाईत जिंकतो आणि तहात हरतो." १७७९ साली वडगावला इंग्रजांची फौज कोंडली, त्यांच्याकडून हवे ते लिहून घेतले, पुढे इंग्रजांनी तो कागदच मानला नाही, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याच पदरात राहिली. सर हे अशा स्वरात सांगत, की जणू ती साष्टी त्यांच्या स्वतःच्या खिशातून पडली होती.

पण ती कलमे कागदावर उतरवणारा माणूस कोण होता? लिहिताना रात्र किती झाली होती, तो जेवला होता का, एखादे कलम लिहिताना त्याचा हात थबकला होता का? हे काही आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि पाच गुणांच्या उत्तरात त्याची गरजही नव्हती.

यंदा संपादकांनी बजावले, "दिवाळी अंक घरातली सगळी मंडळी वाचतात. सदर जरा खुसखुशीत होऊ द्या." टेबलावर जे पुस्तक होते ते मी सौ.ला दाखवले. तिने चकलीच्या सोऱ्यावरची पकड न सोडता नाव वाचले आणि म्हणाली, "दिवाळीत तह? म्हणजे आधी भांडण आलंच."

भांडण आहे खरे. ते पुढे येईल.

पुस्तकाचे नाव 'पीसमेकिंग १९१९', लेखक हॅरल्ड निकल्सन. हा इंग्रज मुत्सद्दी १८८६ साली तेहरानमध्ये जन्मला, कारण त्याचे वडीलही मुत्सद्दीच होते आणि तेव्हा तिथे नेमणुकीवर होते. १९०९ साली तो परराष्ट्र खात्यात शिरला, वीस वर्षे नोकरी केली, ती सोडून वर्तमानपत्रात गेला, पुढे पार्लमेंटात बसला, आणि १९६८ साली वारला तेव्हा लोक त्याला लेखक म्हणूनच ओळखत होते. चरित्रे लिहिली, मुत्सद्देगिरीवर एक छोटेखानी पण फार मोलाचा ग्रंथ लिहिला, आणि उभी हयात रोजनिशी लिहिली. राजदूतांची आत्मचरित्रे मी बरीच वाचली आहेत. त्यांत बहुधा लेखक नेहमी बरोबर असतो, समोरचा नेहमी चुकतो, आणि मधल्या पानांवर जेवणावळी असतात. निकल्सनच्या पुस्तकात जेवणावळी आहेत, पण चुकणारा पुष्कळदा तो स्वतः आहे. म्हणून हे पुस्तक वेगळे.

त्याच्या आयुष्यातली पहिली मोठी कामगिरी ऐकण्यासारखी आहे. ४ ऑगस्ट १९१४. इंग्लंडने जर्मनीला दिलेल्या निर्वाणीच्या खलित्याची मुदत रात्री ११ ला संपत होती. त्याआधीच खात्यात बातमी आली, की जर्मनीनेच युद्ध पुकारले. लगबगीने तसा कागद तयार करून जर्मन राजदूत लिख्नोव्हस्की यांच्याकडे रवाना झाला. आणि मग कळले, की बातमी खोटी! म्हणजे जगातल्या एका अतिभयंकर युद्धाच्या जाहीरनाम्यातच चूक. आता तो कागद परत आणून बरोबर कागद द्यायचा. असल्या कामाला कोणाला पाठवतात हे कचेरीत काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. सर्वांत धाकट्याला. निकल्सन तेव्हा २७ वर्षांचा होता. तो गेला, घंटा वाजवली, राजदूतसाहेब झोपायला गेले आहेत असे उत्तर मिळाले, त्याने हट्ट धरला. लिख्नोव्हस्की पायजम्यात पलंगावर होते. इंग्लंडशी युद्ध होऊ नये म्हणून हा गृहस्थ अखेरपर्यंत झटला होता. पहिला कागद मेजावर तसाच पडला होता. निकल्सनने कागद बदलले, पोच घेतली, आणि निघताना राजदूतांनी त्याच्या वडिलांना नमस्कार सांगितला. वडील त्या वेळी परराष्ट्र खात्याचे मुख्य सचिव होते. दोन साम्राज्ये एकमेकांवर तुटून पडण्याच्या घटकेला एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याची विचारपूस करतो, हे वाचताना मला उद्योगपर्वाची आठवण झाली. तिथेही शिष्टाई फसल्यानंतर श्रीकृष्ण कुंतीला भेटूनच निघतात.

साडेचार वर्षांनी, जानेवारी १९१९ मध्ये, हाच तरुण तह करायला पॅरिसला गेला. आता वय ३२. ब्रिटिश मंडळी माजेस्टिक नावाच्या हॉटेलात उतरली होती. हेरांच्या भीतीने तिथले फ्रेंच नोकर काढून इंग्लंडहून माणसे आणली होती, त्यामुळे पॅरिसमध्ये राहून इंग्रजी स्वयंपाक खाण्याची पाळी सर्वांवर आली. निकल्सनकडे ग्रीस आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्या सीमांचे काम होते. सकाळी समिती, दुपारी समिती, संध्याकाळी नकाशे, रात्री टिपणे. तो मनापासून विल्सनचा भक्त होता. अमेरिकेच्या अध्यक्षांनी ८ जानेवारी १९१८ रोजी चौदा कलमे जाहीर केली होती. तह उघडपणे व्हावेत, लोकांच्या इच्छेने सीमा ठराव्यात, असे त्यांत होते. जुन्या जगाची लबाडी संपवून नवे जग घडवायला आपण निघालो आहोत, असे या तरुणांना खरेच वाटत होते.

त्या दिवसांत एका मेजवानीत त्याची गाठ मार्सेल प्रूस्तशी पडली. कादंबरीकार महाशयांनी विचारले, तुमच्या समित्या चालतात तरी कशा? निकल्सन म्हणाला, साधारण दहाला जमतो, मग अमुक होते, तमुक होते. प्रूस्तने त्याला अडवले. इतक्या घाईने नको! मोटारीतून उतरता तिथपासून सांगा. जिना कसा चढता, दालनात काय असते, हस्तांदोलन कसे करता, कागदांचा आवाज कसा येतो. निकल्सनने सगळे सांगितले. प्रूस्त मन लावून ऐकत होता आणि मधूनमधून पुन्हा अडवत होता. मला तर वाटते, निकल्सनचे पुढचे पुस्तक त्या रात्रीच्या जेवणावर जन्मले. आमच्या इतिहासाच्या सरांना जे कधी सांगता आले नाही, ते जिन्यापासून सांगणारा माणूस आम्हाला मिळाला.

आणि आता पुस्तकाचा गाभा. व्हर्साय येथे झालेला तह जर्मनीवर फार कडक झाला, त्यातून पुढचे युद्ध उपजले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. (किती कडक, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही, पण आपण वादात शिरायला नको.) तो तसा झाला कसा? शाळेतले उत्तर असे, की क्लेमांसो सूडबुद्धीचे, लॉइड जॉर्ज धूर्त, विल्सन भोळे. निकल्सनचे उत्तर याहून कंटाळवाणे आणि म्हणूनच अधिक भीतिदायक आहे. तो सांगतो, की पॅरिसमध्ये अखेरपर्यंत कोणालाच नक्की माहीत नव्हते, की आपण जो मसुदा करतो आहोत तो जर्मनीपुढे बोलणी करण्यासाठी ठेवायचा आहे, की सही करण्यासाठी. पन्नासांहून अधिक समित्या निरनिराळ्या खोल्यांत बसल्या होत्या. प्रत्येक समितीने आपापल्या विषयात थोडी वरची मागणी लिहिली. घासाघीस होईलच, तेव्हा सोडायला हाताशी काही असावे, म्हणून. बाजारात आपण भाव सांगतो तसा. मग घाई झाली, जो तो थकला, घरी निवडून दिलेली माणसे ओरडू लागली, आणि सगळ्या खोल्यांतले कागद एकत्र शिवले गेले. ४४० कलमे झाली. ७ मे रोजी तो ग्रंथ जर्मनांच्या हाती ठेवला. आदल्या दिवशी इतर राष्ट्रांच्या प्रतिनिधींना त्याचा नुसता सारांश वाचून दाखवला होता. जर्मनांना समोरासमोर बोलू दिले नाही. काय म्हणणे असेल ते लेखी द्या, म्हणून सांगितले. थोडेफार फेरफार झाले. म्हणजे घासाघिशीसाठी वाढवून सांगितलेले पन्नास भाव जवळजवळ तसेच पक्के झाले! एकेक कलम एकेका खोलीत वाजवी होते. सगळे एकत्र वाचणारा कोणी नव्हता.

हे पान वाचले आणि मी पुस्तक मिटले. कारण असा एक तहनामा माझ्या हस्ताक्षरात आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घराची वाटणी झाली. थोरले काका, माझे वडील, आणि मधल्या काकांच्या मागे राहिलेली काकू, अशा तीन वाटण्या. मी तेव्हा नुकताच एम.ए. झालेला, अक्षर चांगले, आणि कोणाच्याच बाजूचा नाही अशी ख्याती. म्हणून याद्या करण्याचे काम माझ्याकडे. थोरल्या काकांनी विहिरीकडचा तुकडा मागितला, मनात हे की अर्ध्यावर तोडू. वडिलांनी ओटी, पडवी आणि कलमांची बाग मागितली. त्यांचाही हिशोब तोच. काकूचा भाऊ आला, त्याने माजघर आणि गोठा मागितला आणि बाकीचे गणपतीनंतर बसून बोलू म्हणाला. गणपतीनंतर काकांना छातीचे दुखणे निघाले. मुंबईला न्यावे लागले. आता बोलणी कोण करणार? आहे तसेच पक्के करून टाका, जिवाला घोर नको, असे सर्वांच्या मते ठरले. मी तिन्ही याद्या एकत्र केल्या आणि सुवाच्य अक्षरात वाटणीपत्राचा मसुदा लिहिला. पुढे तो रीतसर नोंदवलाही गेला. कोणी कोणाला फसवले नाही. फक्त काकूच्या मागच्या दारापासून विहिरीपर्यंतची वाट कोणत्याच यादीत नव्हती, म्हणून ती कागदावर आली नाही. काही वर्षांनी चुलतभावांनी चिऱ्यांचा गडगा घातला, त्यांच्याच जागेत. तेव्हापासून काकू वळसा घालून शेजाऱ्यांच्या विहिरीवर जाते. तिने कधी तक्रार केली नाही. "तुझ्या अक्षराला दृष्ट लागेल हो," असे मात्र त्या दिवशी म्हणाली होती.

असो. पॅरिसला परत जाऊ.

मे महिन्याच्या मध्यावर निकल्सनला नकाशे घेऊन विल्सनच्या मुक्कामी बोलावले. गालिच्यावर भला मोठा नकाशा पसरलेला. विल्सन, लॉइड जॉर्ज आणि क्लेमांसो खुर्च्या पुढे ओढून त्यावर वाकलेले. आशिया मायनर, म्हणजे आजचा तुर्कस्तान, कोणाकोणाला किती द्यायचा याची वाटणी चालली होती. परराष्ट्रमंत्री बॅल्फर यांना हे कळले तेव्हा ते संतापले. ज्यांना त्या प्रदेशाची गंधवार्ता नाही अशा तिघांनी एका पोराला हाताशी धरून खंड कापावा, हे त्यांना सहन होईना. ते पोर म्हणजे आपला निकल्सन. हे नीतीला धरून नाही आणि निभावणारही नाही असे मनात असताना आपण हुकमाप्रमाणे मसुदा लिहीत होतो, हे त्याने रोजनिशीत नोंदवून ठेवले. त्यातून तो ग्रीसचा कैवारी, ग्रीक पंतप्रधान वेनिझेलॉस यांच्यावर लुब्ध. १५ मे रोजी ग्रीक फौज स्मर्ना बंदरात उतरली. तीन वर्षे युद्ध चालले, ग्रीक हरले, सप्टेंबर १९२२ मध्ये स्मर्ना जळाले. पुढे लोझानला नवा तह करावा लागला आणि ग्रीस व तुर्कस्तान यांनी माणसांची अदलाबदल केली; सुमारे १२ लाख ख्रिस्ती एकीकडे, सुमारे ४ लाख मुसलमान दुसरीकडे. लोझानच्या परिषदेत लॉर्ड कर्झनच्या हाताखाली कागद सांभाळायला कोण होता? पुन्हा निकल्सनच.

फाळणीच्या कहाण्या ज्या घरांत अजून दबक्या आवाजात सांगितल्या जातात, त्या घरांतल्या माणसांना गालिच्यावरचा तो नकाशा मी वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्या बाजूची एक गोष्ट इथेच सांगतो. निकल्सन पॅरिसमध्ये जिने चढत-उतरत होता तेव्हा लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. चिरोल खटल्यासाठी ते १९१८ च्या अखेरीस तिकडे गेले होते. त्या डिसेंबरात दिल्लीच्या काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचवली. पॅरिसला जाण्याची परवानगी काही मिळाली नाही. टिळकांनी क्लेमांसोंना निवेदन पाठवले, विल्सनना लिहिले. विल्सनच्या चिटणीसाचे गुळमुळीत उत्तर आले, की योग्य वेळी विचार होईल. २८ जून १९१९ रोजी आरसेमहालात तहावर हिंदुस्थानच्या नावाने सह्या झाल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या. स्वयंनिर्णयाचा मंत्र जपणाऱ्या त्या घरात कोणाला ओटीवर घ्यायचे आणि कोणाला खळ्यातच थांबवायचे, हे आधीच ठरले होते. निकल्सनच्या भलेपणाचीही सीमा इथेच लागते. तो त्या काळातला, त्या वर्गातला इंग्रज होता. गोऱ्यांखेरीज इतरांविषयी त्याच्या मनात अढी होती, आणि त्याची पुस्तके वाचताना ती अधूनमधून खड्यासारखी दाताखाली येते. मी ती थुंकून पुढे वाचतो. प्रत्येकाने तसेच करावे, असा आग्रह नाही.

सह्यांच्या त्या दिवशी तो आरसेमहालात हजर होता. दोन जर्मन प्रतिनिधी, म्युलर आणि बेल, पहाऱ्यात आत आणले गेले तेव्हा विजयाऐवजी त्याला त्यांची कीवच आली. संध्याकाळी हॉटेलात सरकारी खर्चाने शॅम्पेन वाटली. तीही भिकार होती, असे त्याने लिहिले आहे. मग जिवाला उबग आलेल्या अवस्थेत तो झोपायला गेला. ज्याने सहा महिने नवे जग घडवण्यासाठी डोळे फोडले, त्याच्या रोजनिशीची अखेर ही.

नंतर चौदा वर्षे त्याने ती रोजनिशी तशीच ठेवली. १९३३ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, ती छापली. पुस्तकाच्या पहिल्या भागात पोक्त निकल्सन विचार मांडतो. दुसऱ्या भागात तरुण निकल्सनची रोजनिशी आहे, भाबडेपणा, गर्व, चुकलेले अंदाज यांच्यासकट. त्याला दुरुस्त्या करता आल्या असत्या. अनेकांनी केल्या आहेत. मी शिकवताना मुलांना सांगतो, की रोजनिशी आणि आत्मचरित्र यांत फरक कसला असेल तर तो खोडरबराचा.

या अनुभवातून त्याने जो विचार काढला तो १९३९ च्या 'डिप्लोमसी' या पुस्तकात आहे, आणि तो आजही पुरतो. धोरण आणि वाटाघाट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे तो म्हणतो. धोरण काय असावे हे लोकांनी उघडपणे ठरवावे. वाटाघाट मात्र जाणत्या माणसांनी, गाजावाजा न करता, सावकाश करावी. विल्सननी उघड तहांची घोषणा केली आणि स्वतः बंद दाराआड तिघाचौघांत बसले. म्हणजे धोरण धूसर आणि वाटाघाट घाईची, असा दुहेरी घाटा झाला. चांगल्या मुत्सद्द्याचे गुण सांगताना त्याने खरेपणाला पहिले स्थान दिले आहे. वाचकांपैकी ज्यांनी घरात मुलीच्या लग्नाची बोलणी केली असतील त्यांना हे पटेल. काय द्यायचे-घ्यायचे हे सगळ्या घराने ठरवावे, पण बोलायला एका शांत मामाला पाठवावे.

आता तुम्ही म्हणाल, हा तर पश्चात्तापदग्ध माणूस. पुढे हिटलर जे जे मागेल ते ते देऊन टाका म्हणाला असेल. इथेच मला त्याचे मोठेपण दिसते. १९१९ मध्ये चेक सीमेच्या समितीत तो होता. बोहेमियाची जुनी सीमा कायम ठेवल्यामुळे सुमारे ३० लाख जर्मन नव्या चेकोस्लोव्हाकियात आले. १९३८ साली हिटलरने त्यांच्याच नावाने हात घातला. २८ सप्टेंबरला पंतप्रधान चेंबरलेन यांनी पार्लमेंटात जाहीर केले, की आपण म्यूनिकला जात आहोत, आणि सभागृह हर्षाने उठून उभे राहिले. निकल्सन बसून राहिला. मागच्या बाकावरून एका सभासदाने त्याला उभे राहण्याविषयी खेकसून सांगितले, तरी तो उठला नाही. आपण आखलेल्या रेषेतला दोष त्याच्याइतका कोणाला ठाऊक होता? पण चुकलेला कागद दुरुस्त करायचा तर ज्यांची घरे त्या रेषेवर आहेत त्यांना बोलावून करायचा. म्यूनिकच्या टेबलावर चेक लोकांना खुर्चीच नव्हती. सहा महिन्यांत त्यांचा देश उरला नाही.

ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सारे सभागृह उभे आहे, टाळ्या पडताहेत, कागद फडफडताहेत, आणि एक पन्नाशीचा गृहस्थ बाकावर बसून आहे.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक काढली तेव्हा आमच्या वाटणीपत्राची झेरॉक्स हाती लागली. अक्षर खरोखर सुरेख आहे. अकरा कलमे आहेत. एकाही कलमात विहिरीच्या वाटेचा शब्द नाही. सौ.ने ती वाचली, चष्मा काढला आणि विचारले, "यात काकूंची सही कुठंय?" सही होती. तिच्या भावाच्या सहीखाली, एका कोपऱ्यात, मोडक्या अक्षरात.

भाऊबीज झाली की गावी जायचे आहे. दोन्ही चुलतभावांना फोन केले. थोरला म्हणाला, ये, बसू. धाकटा म्हणाला, वीस वर्षांनी कसली वाट काढतोस? काकूलाही फोन केला. ती म्हणाली, येताना पायरीचा चष्मा घेऊन ये, जिना दिसत नाही हल्ली. पायरीचा चष्मा म्हणजे कुठला, हे मला अजून कळलेले नाही. चष्म्याच्या दुकानात विचारणार आहे.